धाग्याचे नाव पावतीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या कापडपेठेत किंवा साताऱ्याच्या राजपथावर कोणत्याही दुकानात बसून ‘सुती दाखवा’ म्हटले, की काउंटरवर ठाण पडू लागतात आणि त्यांच्याबरोबर शब्दही पडू लागतात : कॉटन मिक्स, कॉटन टाइप, कॉटन फील, लिनन टच, सॉफ्ट सिल्क. गिऱ्हाईक बोटांनी चाळून बघते, मऊ लागते म्हणून घेते आणि चैत्रात अंगाला चिकटले की ‘हल्ली सुती मिळतच नाही’ म्हणून वैतागते. हा वैताग आम्ही रोज ऐकतो. आमच्यातले काही माग चालवतात, काही शिवतात, काही विकतात. त्यामुळे त्यातला खरा भाग किती आणि अज्ञानाचा किती, हे लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी नावांचा घोळ. सॅटिन हे धाग्याचे नाव नाही, विणीचे आहे. जॉर्जेट, क्रेप, शिफॉन ही पीळ दिलेल्या बारीक धाग्यांच्या कापडांची नावे. ती रेशमाची असतात आणि पॉलिएस्टरचीही. त्यामुळे ‘जॉर्जेट आहे’ या उत्तराने काहीच कळत नाही. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलात्मक रेशीम असे बऱ्याच जणांना वाटते. ते ‘आर्टिफिशियल’चे लघुरूप आहे. ‘बांबूचे कापड’ म्हणून विकले जाते ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असते. बांबूचा किंवा दुसऱ्या लाकडाचा लगदा कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून तो बारीक छिद्रांतून ओढलेला असतो. रेयॉन तेच. कच्चा माल झाडाचा, पण धागा कारखान्याचा. आणि खादी भांडारातल्या ‘पॉलीवस्त्र’मध्ये ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कापूस असतो, हे तिथे नेमाने जाणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते.

अंगाला चिकटते ते का? प्रत्येक तंतू हवेतले थोडे पाणी पोटात धरून असतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना पूर्ण सुकवलेल्या एक किलो कापसात साधारण ८५ ग्रॅम पाणी मुरते, लोकरीत १६० ग्रॅम, रेशमात ११०, व्हिस्कोसमध्ये १३०. इतके मुरूनही हाताला कोरडेच लागते. पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ४ ग्रॅम मुरते. म्हणजे घाम तंतूच्या आत जात नाही, दोन तंतूंच्या फटीत आणि तुमच्या कातडीवर राहतो. खेळाडूंच्या जर्सीत याच गुणाचा फायदा घेतात, कारण धावताना वारा लागतो आणि फटीतले पाणी उडून जाते. पंखा बंद असलेल्या वर्गात चाळीस पोरांत बसलेल्या मुलाला तो वारा कुठून मिळणार? शिवाय पॉलिएस्टर पाणी धरत नसले तरी तेल धरते. कॉलरचा आणि काखेचा तेलकट मळ त्यात रुतून बसतो, म्हणून धुतलेला शर्टही अंगात घालून तासाभरात वास मारतो.

आता मागवाल्याची बाजू. विटा, माधवनगर भागात यंत्रमाग चालवायचा तर सुती ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावून घ्यावी लागते. एकेरी सुताला वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास खळ चढते. त्यानंतरही मागाच्या शेडमध्ये हवा दमट लागते. खानापूर तालुक्यातल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते, ताणा तुटतो, माग थांबतो. थांबलेल्या मागाचा पगार आणि वीजबिल थांबत नाही. पॉलिएस्टरच्या अखंड धाग्याला यातले काही लागत नाही. तो एकसारखा असतो, तुटत नाही आणि त्याचा भाव पाऊसपाण्यावर हलत नाही. पूर्वी निदान कर तरी कापसाच्या बाजूने होता. कृत्रिम तंतूवर १८ आणि त्याच्या सुतावर १२ टक्के जीएसटी असे, कापसाच्या सुतावर ५. सप्टेंबर २०२५ पासून सगळे ५ टक्क्यांवर आले. धंद्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण मागवाल्याने कापूस धरून ठेवायचे एक कारण त्यातून कमी झाले. २०२३ मध्ये जगात तयार झालेल्या एकूण तंतूंत पॉलिएस्टर ५७ टक्के होते आणि कापूस २० टक्क्यांच्या आसपास. तेव्हा हे फक्त आपल्या पेठेचे दुखणे नाही.

आमचा आक्षेप पॉलिएस्टर विणण्या-विकण्याला नाही. ते दुसऱ्याच्या नावाने विकले जाते, याला आहे.

पावतीवर धाग्याचे खरे नाव येईपर्यंत गिऱ्हाइकाने काय करावे? धागा जाळून पाहावा. ही परीक्षा जुनी आहे, पण बहुतेक जण ती चुकीची करतात. कापडाचा तुकडा पेटवतात आणि ‘जळले म्हणजे कॉटन’ म्हणतात. जळते सगळेच. बोटभर लांबीचा धागा काढा. एक उभ्यातला आणि एक आडव्यातला, कारण ताणा पॉलिएस्टरचा आणि बाणा सुताचा अशी कापडे भरपूर आहेत. चिमट्यात धरा, खाली स्टीलच्या वाटीत पाणी ठेवा आणि धागा ज्योतीच्या बाजूने हळूहळू जवळ न्या. वरून धरू नका. सूत ज्योतीला भिडताच पेटते, कागद जळल्याचा वास येतो, मागे मऊ राखाडी राख उरते आणि फुंकली की उडते. रेशीम आणि लोकर कुरतडल्यासारखी जळतात, केस जळल्याचा वास येतो, बाजूला घेतले की आपोआप विझतात आणि टोकाला काळा मणी राहतो तो बोटाने चुरला जातो. पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी आक्रसून मागे सरते, वितळते, काळा धूर सोडते आणि टोकाला जो घट्ट मणी राहतो तो नखानेही फुटत नाही. निवल्याशिवाय त्याला हात लावू नका. तो कातडीला चिकटतो. गॅसपुढे उभे राहताना पॉलिएस्टरचा पदर नको म्हणतात ते याचसाठी. मिश्र कापडाची राख मऊ दिसते, पण चिमटीत घासली की आत कचकचीत कण लागतात.

या परीक्षेत व्हिस्कोस पकडता येत नाही, कारण ते कापसासारखेच जळते. त्याला दुसरा उपाय आहे. धागा मध्यभागी जिभेने ओला करा आणि दोन्ही हातांनी ताणून तोडा. व्हिस्कोस ओल्या जागीच तुटते, कारण भिजल्यावर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. कापूस भिजल्यावर उलट बळकट होतो, म्हणून सूत कोरड्या जागी तुटते. रेयॉनचे कुडते बादलीतून पिळून काढताना फाटतात त्यामागेही हेच.

पाण्याचा थेंब टाकून पाहणारे पुष्कळ असतात. कोऱ्या कापडावर त्या परीक्षेचा उपयोग नाही. खळ किंवा वरचा मऊपणाचा सिलिकॉनचा हात असेल तर अस्सल सुतावरही थेंब मोत्यासारखा उभा राहतो. एक धुणे झाल्यावर टाका.

इरकल घेणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. जत भागात आणि सीमेपलीकडच्या गावांत इरकल अजून रोजच्या वापरात आहे, म्हणून तिथेच फसवणूकही जास्त. हातमागाच्या इरकलीत अंग सुती आणि पदर रेशमी असला, तर पदराचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात. याला टोप-टेणी म्हणतात. साडी उलटी करा आणि अंग-पदराच्या सांध्यावरून अंगठा फिरवा. फाशांची बारीक वळ लागते. यंत्रमागावरच्या नकलेत ताणा सलग असतो, तिथे काही लागत नाही. नुसता रंग बदलतो. काठात बाजारू भाषेत ज्याला चमका म्हणतात तो नकली रेशमाचा धागा पूर्वीपासून चालत आला आहे. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही, मात्र त्याचे पैसे रेशमाचे घेऊ नयेत. ‘रेशमी पदर’ म्हणून भाव लावला असेल तर सिल्क मार्कची चिठ्ठी मागा. हातमागाचे म्हणून घेत असाल तर हँडलूम मार्क.

घोंगडीवर मात्र जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण तिथे गिऱ्हाईक, मेंढपाळ आणि विणकर तिघेही बुडतात. माण, आटपाडी, जत पट्ट्यातल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि बहुतेक काळी. ती पिंजून, हाताने कातून खड्डामागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावतात. नवी घोंगडी कडक आणि टोचरी लागते ती या खळीमुळे आणि जाड केसामुळे. जत्रेत ‘मऊ घोंगडी’ म्हणून जी रचलेली असते, तिच्यात ॲक्रिलिक (लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा) किती आणि लोकर किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येईल असे वाटत नाही. जाळून कळते, पण काळ्या मिश्र धाग्यात वासाने गोंधळ होतो. त्याहून सोपे असे : घोंगडीच्या दशीतून चिमूटभर तंतू काढा, काचेच्या वाटीत घ्या आणि बुडेल इतके कपडे पांढरे करायचे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ओता. खिडकी उघडी ठेवा. लोकर फेसाळत विरघळू लागते आणि रात्रभरात नाहीशी होते. सकाळी वाटीत जे उरते, ते लोकर नाही. त्या वाटीत संडास धुण्याचे ॲसिड चुकूनही जाऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो.

मेंढीमागे वर्षाला किलोभरही लोकर निघत नाही. तिला भाव नसल्याने कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. मटणाला भाव आहे म्हणून मेंढपाळ माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या जातीकडे वळतात. इकडे बाजारात लोकरीच्या नावाने प्लास्टिक विकले जाते आणि तिकडे खरी लोकर पावसात कुजते. पर्यावरणावर भाषणे देणाऱ्यांनी हे एकदा म्हसवड-दहिवडीकडे जाऊन पाहावे.

ॲक्रिलिकचे नाव निघालेच आहे तर धुण्याचे पाहू. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मोजले, त्यानुसार सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यात ॲक्रिलिकमधून सात लाखांवर तंतू सुटतात, पॉलिएस्टरमधून पाच लाखांच्या आसपास आणि पॉलिएस्टर-कापूस मिश्र कापडातून एक लाख चाळीस हजारांच्याही आत. हे तंतू केसाहून बारीक असतात. समुद्रात थेट जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी ३५ टक्के अशा धुण्यातून येते, असा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. सांगलीकरांना समुद्रापर्यंत जायची गरज नाही. गावाचे सांडपाणी नदीत नेणाऱ्या शेरीनाल्याचे दुखणे जुने आहे. घरोघरच्या मोरीचे पाणी कृष्णेला कसे मिळते हे सगळे जाणतात आणि त्याच नदीचे पाणी पुढची गावे पितात. सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालले तर बहुतेक तंतू गाळात अडकतात. तो गाळ खत म्हणून उसात गेला, की तंतूही उसात.

घरी करण्यासारखे थोडे आहे. मशीन अर्धे रिकामे आणि पाणी भरपूर असले, की कपडे जास्त आपटतात आणि तंतू जास्त सुटतात. म्हणून भरून लावा, थंड पाण्यात आणि लहान फेरीवर. समोरून कपडे टाकायचे मशीन वरून टाकायच्या मशीनपेक्षा पुष्कळ कमी तंतू सोडते. नवा कपडा पहिल्या चार-पाच धुण्यांत सर्वांत जास्त सोडतो. सिंथेटिक कपड्यावर ब्रश चालवू नका, दगडावर आपटू नका. मशीनमधून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाला घट्ट विणीची पिशवी बांधणारे काही जण आहेत. चांगले आहे, पण पिशवी भरली की पाणी तुंबते आणि पंपावर ताण येतो, म्हणून दोन-तीन धुण्यांनी ती काढून वाळवा आणि निघालेला लगदा सुक्या कचऱ्यात टाका. मोरीत झटकलात तर केले ते वाया.

कापड जुने झाल्यावरचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. सुती लुगडे विरले की त्याची गोधडी होई, मग दुपटी, मग पोतेरे, शेवटी दिव्याची वात. सिंथेटिक साडी यातल्या प्रत्येक पायरीवर नापास होते. गोधडीत तिचे थर एकमेकांवरून घसरतात. धावदोरा घातला की सुरकुती पडते आणि चार धुण्यांत आतला थर एका कोपऱ्यात गोळा होतो. दुपटे म्हणून ती ओल शोषत नाही. पोतेरे केले तर पाणी पुसले जात नाही, नुसते पुढे ढकलले जाते. वात केली तर तेल वर चढत नाही आणि टोक वितळून विझते. शिंप्याकडचे कातरण पूर्वी बंबाला जाई. आता पॉलिएस्टरची कातरणे बंबात टाकली की वितळून जाळीला चिकटतात, हवा बंद होते आणि काळा धूर घरात येतो. कृपा करून टाकू नका. बाटल्यांपासून बनवलेल्या टी-शर्टचेही कौतुक बेतानेच करावे : बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, शर्टचा पुन्हा शर्ट सहसा होत नाही. मिश्र कापडातला कापूस आणि पॉलिएस्टर वेगळे काढणे तर आणखी अवघड.

कापसाला सोवळे नेसवायचेही कारण नाही. किलोभर कापसामागे जागतिक सरासरीने दहा हजार लिटर पाणी लागते, आपल्याकडे त्याहून बरेच जास्त. त्यातले बरेचसे पावसाचे असले तरी. फवारण्या आहेतच. सुताला रंग देताना मीठ ओतावे लागते आणि न चिकटलेला रंग मिठासकट पाण्यात जातो. इचलकरंजीखालची पंचगंगा त्याची साक्ष आहे. म्हणून सुती कपडा घेतला तर तो दहा वर्षे वापरावा. गिऱ्हाइकाला सुती नकोसे होते ते मात्र आपल्याच हयगयीने. शिवण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि किंचित ओले असतानाच इस्त्री करा. आकसरोधक प्रक्रिया न केलेले सुती कापड पाच टक्के सहज आटते, म्हणजे अडीच मीटरच्या शर्टपीसला बारा-तेरा सेंटिमीटर. हे न करता शिवले तर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर जाते आणि शिव्या कापसाला बसतात. रंग पक्का करण्यासाठी मिठाच्या पाण्यात भिजवायचा रिवाज सोडून द्या. मीठ रंगवताना लागते, नंतर त्याचा काही उपयोग नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळे धुवा, झाले. इस्त्रीवरचे ठिपके पाहा : एक ठिपका ११० अंश, दोन १५०, तीन २००. सुताला तीन चालतात. मिश्र कापडावर तीन फिरवले, की कॉलर चकाकते आणि ती चकाकी पुन्हा जात नाही.

मिश्र कापडावर गोळे येतात, त्याचीही तक्रार असते. घासून तंतू वर येऊन गुंततात. सुतात तो गुंता कमकुवत असतो, तुटून गळून जातो. मिश्र कापडात पॉलिएस्टरचा चिवट तंतू त्याला मुळाशी धरून ठेवतो. ब्लेडने खरवडून काढले तर नवे येतात.

आता मागणी. १९८८ च्या वस्त्र ग्राहक संरक्षण नियमांनुसार कापडावर तंतूचे प्रमाण छापणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे आणि पुष्कळ ठाणांच्या किनारीवर ते छापलेले असतेही. अडचण अशी, की ठाणाचे ते टोक दुकानात राहते आणि गिऱ्हाइकाच्या हाती कापलेला तुकडा येतो. म्हणून ठाणाची किनार दाखवायला सांगा आणि पावतीवर ‘सुती १०० टक्के’ किंवा ‘पॉलिएस्टर ६७, सुती ३३’ असे लिहून घ्या. ‘कॉटन’ एवढेच लिहून देत असेल तर टक्के विचारा. लिहायला तयार नसेल, तर उत्तर मिळालेच आहे. लिहून दिले आणि खोटे निघाले, तर ती पावती घेऊन ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. दुकानदार बांधवांना सांगणे असे, की यात आपले नुकसान नाही. मिश्र कापड मिश्र म्हणून घेणारे गिऱ्हाईकही पुष्कळ आहे. थोरल्याची धाकट्या भावाला द्यायची पॅन्ट पॉलिएस्टर-व्हिस्कोसचीच टिकते, हे आम्हीही शिवून शिवून पाहिले आहे.

आणि शाळांना. पॅन्ट आणि स्कर्ट मिश्र असू द्या. शर्ट मात्र किमान ६० टक्के कापसाचा ठरवा. बाजारात असे कापड ‘सीव्हीसी’ म्हणून मिळते आणि मागितले तर विट्याचे मागवालेही विणून देतील. गणवेशाच्या निविदेत कापडाचा रंग आणि भाव लिहिलेला असतो, धाग्याचे टक्के क्वचित. ती एक ओळ घाला. कापड पोहोचल्यावर कोणत्याही तीन ठाणांतून उभा-आडवा धागा काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाळून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. जूनमध्ये शाळा भरायची तर ऑर्डर मार्चमध्येच जाते, म्हणून हे पत्र आताच.

आपले,
यंत्रमाग, शिलाई आणि कापडविक्रीच्या धंद्यातील काही जण,
विटा व सांगली